पेटी का पोतं

गुरुसिद्ध कडगावे मास्तरांनी उभ्या नोकरीत एकाही पोराला छडी मारली नाही, आणि तरीही त्यांच्या वर्गातली पोरं छडीवाल्या मास्तरांच्या वर्गात जायला बघायची. छडीचा वळ दोन दिवसांत जातो. कडगावे मास्तर बोलायचे. त्यांनी एकदा बोललेलं वाक्य पोराला चिकटायचं ते कायमचं. ज्ञानू नावाच्या एका पोराला पाढा येईना, तर मास्तर म्हणाले, ‘‘तुझं डोकं म्हंजे टोपी अडकवायची खुंटी.’’ त्या ज्ञानूला आता दोन लेकरं आहेत, तो रिक्षा चालवतो, आणि रिक्षास्टँडवर अजून त्याला खुंटी म्हणूनच हाक मारतात. लग्नपत्रिकेवर खरं नाव छापलं तेव्हा निम्म्या गल्लीला हे लग्न कुणाचं ते कळलं नाही.

कोल्हापुरात गंगावेशीपलीकडच्या एका बोळात कार्पोरेशनची शाळा होती, तिथं चौथीचा वर्ग वर्षानुवर्षं मास्तरांकडं. कपाळाला विभूती, अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. घरचं खानदान व्यापारी. लक्ष्मीपुरीत वडिलांचं धान्याचं दुकान होतं, ते थोरल्या भावाने चालवलं. मास्तरांना लहानपणापासून वाचायचा नाद. भाऊ गिऱ्हाइकाला तूरडाळ घालताना हे पोत्यामागं पुस्तक घेऊन बसलेले. वडील म्हणायचे, ‘‘ह्येला वजनातलं काय कळत न्हाय, मास्तरच करा ह्येला.’’ म्हणून मास्तर झाले. मात्र वजनातलं कळत नाही ही गोष्ट काही शेवटपर्यंत सुटली नाही. आपल्या बोलण्याला किती वजन आहे, ते कुणावर पडल्यावर किती लागतं, याचा अंदाज त्यांना कधी आला नाही.

त्यांची बायको शांतव्वा संकेश्वरची. कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मराठी बोलायची ती कोल्हापूरच्याच वळणाची, पण मराठी अक्षर तिला वाचता येत नव्हतं, आणि मास्तरांनी तिला ते शिकवलं नाही. नवऱ्याला हाक मारायची ती कानडी पद्धतीनं, ‘री’ म्हणून. मराठी बायका ‘अहो’ म्हणतात तसं. री, चहा झाला. री, पोरगं अजून आलं न्हाय.

पोरगं एकच. बसवेश, घरात बसू. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की मास्तरांच्या बसूला नवव्या वर्षीही वाचता येत नव्हतं. ‘क’ काढ म्हटलं तर बघून बघून काढायचा, पण जरा वेळानं तोच ‘क’ दाखवला की रस्त्यात परका माणूस भेटावा तसा बघत राहायचा. बाकी पोरगं हुशार होतं. शिट्टीवर कुठलंही गाणं वाजवायचं, डब्यातला गूळ आईच्या डोळ्यांदेखत पळवायचं, बापाची नक्कल अशी करायचं की शांतव्वा पदर तोंडात कोंबून हसायची. पण या गोष्टींना मार्क नसतात. मास्तरांनी त्याला आपल्याच वर्गात घेतलं, आणि तिथं बसू रोज उभा राहायचा. शनिवारी सकाळच्या शाळेत मास्तर मोठ्यानं वाचायला लावायचे. बसूची पाळी आली की वर्ग गप्प व्हायचा, कारण आता मास्तर काहीतरी बोलणार हे पोरांना माहीत असायचं.

एका शनिवारी मास्तर म्हणाले, ‘‘आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटाला कधी वाळवी लागली न्हाई. ह्ये लागलं.’’

वर्ग पोट धरून हसला. त्या दुपारपासून बसू गल्लीभर वाळवी झाला. खिडकीखालून पोरं ओरडायची, ‘‘ए वाळवी, येतोस काय खेळाय?’’ आणि बसू जायचा की. दुसऱ्या नावानं कुणी बोलवतच नव्हतं, मग करतो काय? शांतव्वा एकदा म्हणाली, ‘‘री, पोराला असं बोलू नगा.’’ मास्तर म्हणाले, ‘‘लागंल तवाच वाचंल.’’

पुढच्या शनिवारी बसू शाळेला म्हणून निघाला तो पंचगंगेच्या घाटावर गेला. दप्तर वरच्या पायरीवर ठेवलं, पाऊस नव्हता तरी कोपऱ्याला सरकवून ठेवलं, आणि खाली पाण्यात उतरला. पोहायला येत नव्हतं. पाय घसरला असं लोक म्हणाले, मास्तरही तेच म्हणाले. दुपारी माणसांनी बाहेर काढला. दप्तर कोरडंच्या कोरडं होतं. ही गोष्ट ब्याण्णव सालातली.

शांतव्वा रडली तेवढी पहिल्या दिवशी. नवऱ्याला बोल लावला नाही, ‘तुमच्यामुळं’ हा शब्द तोंडातून काढला नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं त्यांना ‘री’ म्हणणं सोडलं. दुसरी हाकही घेतली नाही. ताट वाढून पाटासमोर ठेवायची, मास्तर येऊन बसायचे. काही सांगायचं असलं तर भिंतीकडं बघून सांगायची, दूध आलं न्हाय, मिठाची पिशवी संपली. ज्या माणसाच्या बोलण्याला सारी गल्ली भ्यायची, त्याला त्याच्या घरात हाक मारायला कुणी उरलं नाही. मास्तरांना हे कळत होतं. ते फार लागत होतं. पण त्याला काय म्हणायचं, हे मात्र त्यांच्या एवढ्या मोठ्या शब्दसंग्रहात नव्हतं.

शनिवारचं मोठ्यानं वाचणं मास्तरांनी बंद केलं. त्याजागी दोन-तीन वर्षांनी त्यांनी दुसरी पद्धत काढली, आणि हीच पुढं शहरभर गाजली. सरकारकडून आलेली, देणगीत मिळालेली, कुणाच्या माळ्यावरून निघालेली पुस्तकं पोरांत वाटायची. आठवडाभरात वाचायचं. शनिवारी एकानं उभं राहून पुस्तक सांगायचं आणि आपलं मत द्यायचं. मत खरं पाहिजे. ‘पुस्तक फार छान आहे, बोध घेण्यासारखे आहे,’ असं जो म्हणेल त्यानं अंगठे धरून उभं राहायचं. मग मास्तर विचारायचे, ‘‘पेटी का पोतं?’’ पोरांनी हात वर करायचे. पेटीला जास्त हात आले तर पुस्तक लाकडी पेटीत, म्हणजे वर्गाच्या वाचनालयात. पोत्याला जास्त आले तर कोपऱ्यात एक तागाचं पोतं लावून ठेवलेलं असायचं, त्यात. मास्तरांना स्वतःला मत नाही. पोत्यात गेलेलं पुस्तक परत निघायचं नाही. आणि पुस्तक पोत्यात पडलं की पहिली टाळी मास्तरांची, मग वर्गाची. खरं बोलल्याबद्दल टाळी.

पोतं भरलं की शाळेचा शिपाई बाळासो ते कोपऱ्यावरच्या भडंगवाल्याकडं पोचवायचा. मधल्या सुट्टीत पोरं भडंग घ्यायची, ती त्याच पानांच्या पुडीत. पुडी सोडून पोरं त्यावरचं मोठ्यानं वाचायची आणि खदाखदा हसायची. पोरांना दुसऱ्याचं कायतरी मोडायला दिलं, वर टाळ्या दिल्या, की ती फार मन लावून मोडतात. मास्तरांना वाटायचं आपण सत्य शिकवतोय.

गल्लीत जोतीराम तात्या म्हणून पोस्टातून रिटायर झालेले एक म्हातारे होते. त्यांनी पोरांसाठी चिमणीच्या, पावसाच्या, चांदोबाच्या कविता लिहून पुस्तक छापलं आणि मोठ्या हौसेनं वर्गाला भेट दिलं. शनिवारी ऐकायला म्हणून स्वच्छ धोतर नेसून येऊन बसले. एक पोरगा उठला आणि म्हणाला, ‘‘ह्या सगळ्या चिमण्या एकच गोष्ट करत्यात. दाणा टिपत्यात. ज्यानं लिवलं त्येनं चिमणी बघितल्याली नसणार.’’ पुस्तक पोत्यात गेलं. मास्तरांनी टाळी वाजवली, वर्गानं वाजवली. तात्याही बिचारे हसत हसत दोन टाळ्या वाजवून उठले, ते छत्री तिथंच विसरून गेले. छत्री न्यायला परत आले नाहीत. पुढं त्यांनी त्या बोळातून जाणंच सोडलं, दुधाला सुद्धा लांबच्या वाटेनं जायचे.

मास्तरांनी घरी जेवताना हे सांगितलं. ‘‘म्हाताऱ्याला लागलं, पण शिकला.’’

शांतव्वानं भिंतीला विचारलं, ‘‘छत्री दिली काय त्येंची नेऊन?’’

छत्री कुणी दिली नव्हती. ती वर्षभर वर्गाच्या खिळ्याला होती.

आता खरी गोष्ट. मास्तरांनी स्वतः एक पुस्तक लिहिलं. बसू गेल्यावर सात-आठ वर्षं ते लिहीत होते, खोडत होते. पुस्तकाचं नाव ‘नदीकाठचा गुणनिधी’. त्यात गुणनिधी नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आहे. तो पहाटे उठतो, आईवडिलांच्या पाया पडतो, वर्गात पहिला येतो, सगळी पुस्तकं त्याला तोंडपाठ. एके दिवशी पुरात एक वासरू वाहून चाललेलं असतं, ते वाचवायला तो उडी घेतो आणि आईचं नाव घेत नदीला मिळतो. लेखक म्हणून ‘चंद्रमौळी’ असं टोपणनाव टाकलं, म्हणजे वाचणाऱ्यानं भीड ठेवू नये. मुखपृष्ठावर एक मुलगा वासराच्या गळ्यात हात घालून उभा. चित्रकाराला बसूचा फोटो दाखवला नव्हता, त्यामुळं तो कुणीही वाटत होता.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, हे काय फक्त पोरांच्या बाबतीत असतं? पुस्तकांचंही तसंच. जगातल्या प्रत्येक लेखकाची चिमणी मास्तरांना खोटी वाटायची, आपलं वासरू मात्र अगदी खरं वाटायचं.

पुस्तक छापून आलं त्या दिवशी त्यांनी शांतव्वासमोर ठेवलं. ‘‘बसूचं हाय,’’ म्हणाले.

तिनं हात पुसले, पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. ‘‘त्यो कसा गेला ते लिवलंय?’’

‘‘लिवलंय.’’

‘‘कसं लिवलंय?’’

मास्तर म्हणाले, ‘‘छान लिवलंय.’’ वर्गात याच शब्दाला अंगठे धरावे लागतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

‘‘वाचून दावा की मग.’’

मास्तरांनी पहिलं पान काढलं, चष्मा लावला, परत काढला. बायकोसमोर ते वाचता येईना. मग त्यांना ती कल्पना सुचली. वर्गात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालकांना येऊन बसायची मुभा होती. ‘‘माझ्या तोंडानं नको,’’ ते म्हणाले, ‘‘पोरांच्या तोंडानं ऐक. पोरं खोटं बोलत न्हाईत.’’

शांतव्वा त्या शाळेत बसू गेल्यापासून पाऊल टाकत नव्हती. पण ‘बसूचं हाय’ म्हटल्यावर तयार झाली. आणि मास्तरांच्या मनात त्या दिवसापासून एकच गोष्ट घर करून बसली. पोरं बोलतील, पुस्तक पेटीत पडेल, शांतव्वा ऐकेल, आणि घरी येताना, नाहीतर आल्यावर, चहा ठेवता ठेवता, तिच्या तोंडून ‘री’ निघेल. बाकी त्यांना काही नको होतं.

पुस्तक द्यायचं कुणाला, यावर त्यांनी आठवडाभर डोकं चालवलं. एखाद्या लोण्यासारख्या मऊ पोराला दिलं असतं तर पेटी पक्की होती. पण मास्तरांना तसली पेटी नको होती. वर्गात स्वप्नाली म्हणून एक पोरगी होती. तिची आई बायडाबाई म्हशी पाळायची आणि रोज संध्याकाळी गंगावेशीत म्हैस आणून लोकांना समोर धार काढून द्यायची. स्वप्नालीचं तोंड आईपेक्षा वरचढ. त्या वर्षी सर्वात जास्त पुस्तकं पोत्यात गेली ती तिच्या तोंडानं, आणि तिनं पेटी म्हटलं की वर्ग डोळे झाकून पेटी म्हणायचा. मास्तरांनी स्वतः घासून घासून धार लावलेलं पातं होतं ते. त्यांनी पुस्तक तिलाच दिलं. हिनं चांगलं म्हटलं म्हणजे मग कुणाच्या बापाची बोलायची बिशाद नाही.

शुक्रवारी शाळा सुटताना न राहवून त्यांनी तिला विचारलं, ‘‘वाचलंस काय गं?’’

‘‘व्हय गुरुजी. दोनदा वाचलो.’’ कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी ती बोलायची, मी गेलो, मी वाचलो.

‘‘मग?’’

‘‘उद्या सांगतो की. आधी सांगायचं न्हाय, तुमीच म्हणताय.’’

दोनदा वाचलं, म्हणजे आवडलं. मास्तर त्या दिवशी शीळ घालत घरी गेले.

शनिवारी शांतव्वा ठेवणीतलं इरकल नेसून आली. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. पालक म्हणून दोन-चार बाया मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्यात बायडाबाईशेजारी बसली. बसू ज्या बाकावर उभा राहायचा त्याच्याकडं एकदा बघितलं, परत बघितलं नाही. मास्तरांनी खडू उगाच दोनदा मोडला.

स्वप्नाली पुस्तक घेऊन पुढं आली. नाव सांगितलं, लेखक सांगितला, गोष्ट सांगितली. गोष्ट सांगताना तिनं एक अक्षर चुकवलं नाही. मग म्हणाली, ‘‘आता माझं मत.’’

मास्तरांनी मागं शांतव्वाकडं बघितलं. ती पुढं वाकून ऐकत होती.

‘‘पयलं म्हंजे गुणनिधी असलं नाव कुणाचं नसतंय.’’ वर्ग हसला. ‘‘ह्या पोराला काय सुद्धा आवडत न्हाय. खेळत न्हाय, भांडत न्हाय, कुणाला चिडवत न्हाय, ह्येला बी कोण चिडवत न्हाय. सकाळी उठलं की पाया पडतंय. सारखं पाया पडतंय. त्येच्या आईला कंटाळा येत नसंल काय?’’

पोरं बाकं बडवायला लागली. मास्तर म्हणाले, ‘‘शांत बसा.’’ आवाज नेहमीसारखा लागला नाही.

‘‘मी दोनदा वाचलो,’’ स्वप्नाली म्हणाली, ‘‘कारण मला वाटलं मधलं पान फाटलंय. त्यो मरतोय तर मला रडू यायला पायजे ना? आलंच न्हाय. मग परत वाचलो. तरी बी आलं न्हाय. पान काय फाटल्यालं नव्हतं. त्यो आधीपास्नंच मेल्यागत हाय, मग मेल्यावर काय रडायचं?’’

मागच्या बाकावरून यशराज नावाचं पोरगं ओरडलं, ‘‘आणि वासराचं काय झालं?’’

‘‘त्ये लिवलंयच न्हाय.’’

‘‘अरं तिच्या मारी!’’ यशराज म्हणाला. ‘‘पोरगं मेलं ते मेलं, वासरू जगलं का न्हाय?’’ आणि सगळा वर्ग त्या वासराच्या मागं लागला. गुरुजी, वासराचं काय झालं? गुरुजी, वासरू कुठं गेलं? वर्गात कुणालाही मुलाची चौकशी करावीशी वाटली नाही. मास्तर टेबलाची कड धरून उभे होते. तोंडात जे उत्तर येत होतं ते या पोरांना देण्यासारखं नव्हतं.

‘‘आणि शेवटची गोष्ट,’’ स्वप्नालीनं आवाज चढवला, ‘‘ह्यो बुडताना बोलतोय. ‘आई, मी येतो गं, वासराला जप,’ असं पाण्यातनं म्हणतोय. हे साफ खोटं हाय. मी बुडालतो. गेल्या वर्षी म्हशीची शेपटी सुटली माझ्या हातातनं. तवा बोलाय येत न्हाय. वरडाय सुद्धा येत न्हाय. तोंड उघडलं की पाणी आत जातंय, मग तोंड झाकायचं का उघडायचं तेच कळत न्हाय. मला आमच्या दादानं केसाला धरून काढलं. ज्यानं हे लिवलंय त्येनं कधी बुडताना कुणाला बघितलं बी न्हाय आणि कुणाला इचारलं बी न्हाय.’’

मास्तर ‘बस खाली’ म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘‘लई दुखतंय काय गं?’’

शांतव्वा उभी राहिली होती. पालकांनी मधे बोलायचं नाही असा नियम होता. पण तो नियम सांगायला मास्तरांना तोंड उघडता येईना.

स्वप्नालीनं तिकडं बघितलं. ही बाई कोण हे तिला ठाऊक नव्हतं. प्रश्न सरळ होता, तिनं उत्तरही सरळ दिलं. खरं बोलायचं, हेच तर तिला शिकवलं होतं. ‘‘व्हय काकू. नाकात मिरची कोंबल्यागत होतंय. छातीत जाळ होतोय.’’

‘‘लई वेळ?’’

‘‘मला लई वाटला. दादा म्हणला, लई नव्हता.’’

‘‘आईची आठवण येती?’’

स्वप्नालीनं विचार केला. बायडाबाईनं खालून तिला डोळे वटारून दाखवले, गप म्हणून. पण पोरगी खरं आठवत होती. ‘‘न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘कुणाची बी येत न्हाय. नुस्तं हवा पायजे वाटतंय.’’

शांतव्वानं मान हलवली, दुकानात भाव विचारून पटल्यावर हलवावी तशी. आठ वर्षं ती ज्या घाटाच्या पायरीवर रोज मनात जाऊन बसत होती, तिच्या खालचं पाणी तिला आज कुणीतरी दाखवलं होतं. नवऱ्याला सगळे शब्द येत होते, त्यानं दाखवलं नव्हतं. मास्तरांना वाटलं, आता ही कोसळेल. ती कोसळली नाही. तिला अजून विचारायचं होतं.

‘‘त्यो पोरगा गूळ चोरतोय काय गं पुस्तकात?’’

‘‘न्हाय ओ. त्यो काय चोरत न्हाय.’’

‘‘शिट्टी मारतोय?’’

‘‘न्हाय.’’

‘‘आणि वाचाय येतंय त्येला?’’

‘‘व्हय की काकू! वर्गात पयला नंबर. समदी पुस्तकं पाठ.’’

शांतव्वानं मास्तरांकडं बघितलं. भिंतीकडं नाही, त्यांच्याकडं. ‘‘मग ह्यो आमचा न्हवं,’’ ती म्हणाली, आणि खाली बसली.

पोरांना यातलं काही कळलं नाही. मास्तरांना सगळं कळलं. पाण्यात एकदा मेलेल्या पोराला आपण पुस्तकात परत मारलं, आणि या वेळी त्याची शिट्टीसुद्धा ठेवली नाही. मेल्यावर तरी त्याला वाचता येऊ दे, एवढंच आपण आठ वर्षं लिहीत होतो. जिवंतपणी जो चालला नाही, तो मेल्यावरही तसाच चालला नाही त्यांना. आठ वर्षं खपून त्यांनी दुसराच मुलगा पसंत केला होता.

‘‘झालं,’’ मास्तर म्हणाले. ‘‘वेळ झाली. मतं पुढच्या शनिवारी घेऊ.’’

‘‘आत्ताच की गुरुजी!’’ पोरं ओरडली. ‘‘पेटी का पोतं? पेटी का पोतं?’’ बाकांवर ताल धरला. वर्गाच्या दारातून बाळासो शिपाईसुद्धा डोकावला. कुणाचंही पुस्तक असो, मत मागं पडलं नव्हतं कधी. जोतीराम तात्या धोतर सावरत बसले होते तेव्हाही नाही.

मास्तरांनी विचारलं, ‘‘पेटी?’’

एकही हात नाही. मग टेबलापाशी एक हात वर झाला, खडूनं पांढरा झालेला. तो मास्तरांचा होता. आपण कधी वर केला हे त्यांनाही कळलं नाही.

‘‘गुरुजी, तुम्हाला मत न्हाय!’’ यशराज खिदळला. ‘‘तुमीच सांगितलंय!’’ वर्ग पोट धरून हसला, पूर्वी एकदा हसला होता तसाच. मास्तरांनी हात खाली घेतला.

‘‘पोतं?’’

सगळा वर्ग हात वर करून बसला. काहींनी दोन-दोन केले. मास्तर नेहमीच्या सवयीनं पुढून मागं हात बघत गेले, आणि मागच्या भिंतीपाशी त्यांची नजर थांबली. तिथं हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. शांतव्वाचा हात सरळ वर होता.

ती उठली. पोरांच्या मधून वाट काढत पुढं आली, स्वप्नालीच्या हातातून पुस्तक घेतलं. वरच्या चित्रातल्या पोराकडं बघितलं, परक्याचं पोर बघावं तसं. मग नवऱ्याकडं वळली.

‘‘री,’’ ती म्हणाली, ‘‘पोतं कुठं हाय?’’

या एका हाकेसाठी मास्तरांनी आठ वर्षं पुस्तक लिहिलं होतं. हाक मिळाली. त्यांनी बोटानं कोपरा दाखवला.

शांतव्वानं पुस्तक पोत्यात टाकलं, हात पदराला पुसले आणि जागेवर जाऊन बसली. पोरांचे तळवे समोर तयार होते, पण कुणी वाजवेना. पहिली टाळी गुरुजींची, हा नियम होता, आणि पोरं वाट बघत होती.

मास्तरांनी टाळी वाजवली.